लालबागच्या कोंडीत सहा गाड्यांचं बोलणं

मुंबईला स्वतःची गाडी घेऊन जाऊ नये. हे वाक्य खरं तर शेवटी यायला हवं, पण ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी ते आधीच लिहून ठेवतो. सवड असलेल्यांनी, मी तरीही का गेलो, ते वाचावं.

माझी मुलगी सायली मुंबईत एका लहानशा कंपनीत काम करते. गाड्यांनी एकमेकींशी बिनतारी बोलावं, असं यंत्र ही कंपनी तयार करते. पुढची गाडी करकचून थांबली की तिने मागच्या गाडीला परस्पर कळवायचं. म्हणजे मधे बस आडवी असली आणि काही दिसत नसलं, तरी मागच्याला वेळेत ब्रेक लावता येतो. कल्पना चांगली आहे. अडचण अशी, की रस्त्यावर गाड्या फार झाल्या की सगळ्या एकदम बोलतात, एकीचा निरोप दुसरीच्या निरोपावर आदळतो आणि कुणालाच काही कळत नाही. ही आदळआपट कमी करायचं काम सायली आणि तिचा सहकारी प्रशिक कांबळे, या दोघांकडे होतं. एका मोठ्या वाहन कंपनीची माणसं ते बघायला येणार होती. त्यांना पटलं तर काम पुढे चालणार, नाहीतर ते काम बंद आणि ही दोघंही घरी.

इकडे सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवण्याची जागा मी तिच्यासाठी बघून ठेवली होती. प्राचार्य ओळखीचे आहेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो, म्हणाले होते. सायलीनेही सांगितलं होतं, "बाबा, हे जमलं नाही तर मी सांगलीला येते. शब्द देते." म्हणजे चाचणी फसली की मुलगी घरी येणार. हे गणित मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मांडलं होतं.

चाचणीला सहा गाड्या हव्या होत्या. कंपनीची एक, तिच्या साहेबांची एक, बाकीच्या कुणाकुणाच्या मागून आणायच्या. म्हणून तिचा फोन आला, "बाबा, गाडी घेऊन याल का?" आणि मी गेलो.

गिरगाव, फणसवाडी

महामार्गाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं सुरू झालं ते फणसवाडीच्या तोंडाशी. तिथे माझी थोरली बहीण, आक्का, लग्न झाल्यापासून राहते. सायलीही तिच्याकडेच असते. आक्काचे यजमान, आमचे दाजी, बँकेतून निवृत्त झालेले. वाडीच्या तोंडाशीच उभे होते.

"या सांगलीकर! पाणी नंतर प्या, आधी गाडी कुठे लावणार ते सांगा."

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी बसवतात. इथे आधी त्याची गाडी बसवावी लागते. तीन वेळा पुढेमागे केल्यावर ती एका गटाराच्या झाकणावर, दाजींच्या गाडीच्या मागे, तिरकी उभी राहिली. मी हँडब्रेक तपासून वर जातो तोच खालून आवाज आला, "ही एमएच दहा कुणाची? ओ, एमएच दहा!" पुन्हा खाली. दूधवाल्याची सायकल निघत नव्हती. ती निघाली, मी वर आलो, चहाचा कप हातात घेतला, पुन्हा "एमएच दहा!" या वेळी टेम्पो होता. त्या संध्याकाळी तीन मजली चाळीतल्या सगळ्यांना माझं नाव कळलं नाही, नंबर मात्र कळला.

दाजींच्या गाडीची गोष्ट वेगळीच. ती दिवाळीपासून जागची हललेली नव्हती.

"बिघडलीय का?" मी विचारलं.

"छे! एक नंबर आहे. रोज सकाळी चालू करतो, पाच मिनिटं ठेवतो, बंद करतो."

"मग कुठे नेत का नाही?"

"नेली तर जागा जाईल."

"मग विकून तरी टाका."

"अहो, विकली तरी जागा जाईलच की!"

पण हाच माणूस सायलीच्या चाचणीसाठी ती गाडी बाहेर काढायला तयार झाला होता. हे केवढं औदार्य आहे, ते मला तेव्हा कळलं नाही. आक्का मात्र म्हणाली, "माझ्या बाळंतपणालासुद्धा टॅक्सी केली होती ह्यांनी."

जेवताना सगळे एकदम बोलत होते. आक्का गॅलरीतून समोरच्या बिऱ्हाडाशी बोलत होती, खाली भाजीवाल्याशी घासाघीस करत होती आणि त्यातच मला विचारत होती, आमटीत खोबरं जास्त झालंय का. जास्तच झालं होतं. मूळची सांगलीची, पण आता हिच्या पिठल्यातसुद्धा नारळ शिरलाय. मी आणलेलं भडंग मात्र चहाबरोबरच संपलं.

सायलीने मला गॅलरीत नेऊन वाडीचं वळण दाखवलं. "बाबा, वळणाच्या अलीकडचा टेम्पो आणि पलीकडची टॅक्सी, दोघांना एकमेकांचं ऐकू येत नाही. रस्ता मोकळा आहे असं समजून दोघं एकदम हॉर्न देतात. मधे उभ्या माणसाला दोन्ही ऐकू येतात आणि त्याला काहीच कळत नाही. आमच्या यंत्रांचं तेच होतं."

"मग यंत्राने परत सांगावं."

"ते केव्हाच गेलेलं असतं. आणि निरोप हरवला हे सांगणाऱ्याला कळतच नाही."

मधे उभा असलेला माणूस मी संध्याकाळभर होतोच. मला पटलं.

रे रोड

पहिली तालीम रविवारी सकाळी रे रोडला, गोदीच्या बाजूच्या रस्त्यावर. लाकडाच्या वखारी बंद होत्या. ओल्या भुशाचा वास मात्र सगळीकडे होता. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना भिंती, रहदारी जवळजवळ नाही. मुंबईत एवढी जागा आहे आणि दाजी गटाराच्या झाकणासाठी भांडतात, याचं मला आश्चर्य वाटलं.

तिथे बाकीची मंडळी भेटली. प्रशिक म्हणजे परळच्या चाळीत वाढलेला, शांत, सडपातळ मुलगा. तो कंपनीची गाडी चालवणार होता. त्याची आई सुजाताताई पालिकेच्या कचेरीत काम करतात. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि लाल रंगाची छोटी गाडी घेतली. तिच्या डॅशबोर्डवर बुद्धाची लहानशी मूर्ती आहे. त्यांनी मला "जय भीम, भाऊ" म्हटलं आणि लगेच विचारलं, "सांगलीहून एकट्याने चालवत आलात? माझा प्रशिक मला दादरपर्यंतसुद्धा एकटं सोडत नाही." पाचवे पांडुरंगभाऊ. हे वरळी कोळीवाड्यातले, प्रशिकच्या शाळेतल्या दोस्ताचे थोरले भाऊ. त्यांचा मासळीचा टेम्पो. त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि वास सांगायला नको. सहावी गाडी साहेबांची. तिच्यात लॅपटॉप घेऊन सायली बसणार होती.

प्रत्येक गाडीत एक काळा डबा बसवायचा होता. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ते हा डबा सेकंदाला अनेकदा सांगत राहतो. सहा गाड्यांनी गर्दी होत नाही, म्हणून प्रत्येक डबा वीस गाड्यांइतकं बोलेल, अशी व्यवस्था या दोघांनी केली होती. इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. मग प्रशिक म्हणाला, "ब्रेकच्या दिव्याची एक वायर जरा सोलून डब्याला जोडावी लागेल. म्हणजे जोरात ब्रेक लागला की त्याला आपोआप कळेल."

"माझ्या गाडीची वायर सोलायची नाही," मी म्हणालो. "वॉरंटी जाईल."

"माझी तर वॉरंटी केव्हाच गेलीय," दाजी म्हणाले, "पण वायरिंग मूळचं आहे. त्याला हात लावायचा नाही."

सुजाताताईंच्या गाडीचे हप्ते चालू होते. पांडुरंगभाऊंच्या टेम्पोत आधीच कुठली वायर कुठे जाते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे भीती. साहेबांनी तर ऐकूनच घेतलं नाही. त्यांची गाडी नवी होती.

सायलीने कपाळाला हात लावला. शेवटी प्रत्येकाच्या स्टिअरिंगजवळ एक लाल बटण दुहेरी टेपने चिकटवलं. जोरात ब्रेक लावला की चालकाने ते दाबायचं. ते दाबलं की डबा तातडीचा निरोप पाठवतो. तातडीचा निरोप रांगेत थांबत नाही, मोठ्या जोराने जातो, पुन्हा पुन्हा जातो.

"फक्त ब्रेक लावला तरच," सायली म्हणाली. "एरवी हात लावायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी कुणी लावलाही नाही. चाचणी छान झाली. सायली लॅपटॉपकडे बघून हसत होती. तिथे गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण आकडे मागण्याची माझी खोड आहे.

"कुणाच्या गाडीचे किती निरोप हरवले?" मी विचारलं.

"बाबा, तसं वेगवेगळं बघायचं नसतं."

"शंभरात किती, ते सांग ना."

तिने सांगितलं. सुजाताताईंचे शंभरात दोन. दाजींचे चार. पांडुरंगभाऊंचे पाच. माझे नऊ. माझ्या गाडीच्या टपावर सामानाची लोखंडी जाळी आहे, तिच्यामुळे असेल, असं प्रशिक म्हणाला. ते कुणी ऐकलंच नाही.

"सांगलीची गाडी लाजते मुंबईत बोलायला," दाजी.

"तुमची दिवाळीपासून मौनव्रतात होती, आतोबा. ती चार तरी कशी हरवते?" सायली.

सुजाताताईंनी काच खाली करून नुसती दोन बोटं वर केली.

लालबाग

दुसरी तालीम मंगळवारी दुपारी, लालबागला पुलाखाली. गुरुवारची खरी परीक्षा तिथेच व्हायची होती. म्हणून साहेब सगळ्यांना म्हणाले, "आज एकही निरोप चुकता कामा नये." चुकीच्या माणसांना चुकीची गोष्ट सांगितली त्यांनी.

लालबागची कोंडी सांगलीच्या माणसाला समजावणं कठीण आहे. आमच्याकडे कोंडी झाली की लोक उतरून बघतात, कुणीतरी पुढे होतो, हातवारे करतो, सुटते. इथे कुणी उतरत नाही. सगळे हॉर्न देतात. पुढे सिग्नल लाल आहे हे सगळ्यांना दिसतंय, तरी देतात. बाजूच्या गल्लीत मसाल्याची दुकानं आहेत. तिथे मिरच्या भाजत होत्या. काचा बंद कराव्यात तर उकाडा, उघडाव्यात तर शिंका. मी सतरा शिंका दिल्या. माझ्या मागच्या टॅक्सीवाल्याने प्रत्येक शिंकेला हॉर्न दिला.

त्या दुपारी मी काय केलं ते इथेच सांगतो. मला शंभरातले नऊ खुपत होते. लेकीचं काम माझ्या गाडीमुळे फसलं, असं कुणी म्हणायला नको. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती, ब्रेक लावण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी ते लाल बटण दाबलं. निरोप रांगेत न थांबता जातो म्हणतात, तर जाऊ दे माझाही. एकदा दाबलं, मग दाबतच राहिलो. मुलगी घरी यावी म्हणून गणित मांडून बसलेल्या माणसाला ते बटण दाबायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. हे मला तिथे सुचलं नाही.

चाचणी फसली. थोडीथोडकी नाही, पुरती. प्रशिक पुढे गेला, पुलाच्या खांबापलीकडे जाऊन खरोखर करकचून थांबला, आणि साहेबांच्या गाडीतला इशारा वाजलाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदाही नाही.

सायली उतरून फुटपाथच्या कडेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. आजूबाजूने लोक जात होते, एकजण तिच्या पायाला अडखळून तिलाच बोलला. साहेब फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "गुरुवारी असंच झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्हा दोघांना माहितीय."

मी पाण्याची बाटली घेऊन तिच्यापाशी गेलो. ती म्हणाली, "अँटेना असेल. किंवा खांब. किंवा आम्ही दोन वर्षं चुकीचंच करतोय."

महिनाअखेर जवळ आली होती. सांगलीची जागा तशीच होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही प्या. किती शिंकताय!"

वरळी कोळीवाडा

बुधवारी पांडुरंगभाऊंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. "टेन्शन घेऊन उपाशी मरू नका," म्हणाले. गाडी कुठे लावायची, हा प्रश्न इथे पडत नाही. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत ती शिरतच नाही. बाहेर ठेवायची आणि चालत जायचं. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. चढलं की त्या घरातली बाई हमखास विचारणार, कुणाकडे आलात. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. पुढे होड्या आणि पाणी. त्या पाण्यावरून गाड्यांचा मोठा पूल जाताना दिसतो. एकीकडे एवढा मोठा रस्ता आणि त्याच्या शेजारी ही गल्ली.

पांडुरंगभाऊंच्या पत्नीने ताजे बोंबील तळले होते. मी कृष्णेकाठचा. नदीचा मासा खायचा म्हणजे आमच्याकडे निम्मा वेळ काटे काढण्यात जातो. मी सवयीने बोटांनी शोधायला लागलो.

"काय हरवलंय भाऊ?" त्या म्हणाल्या.

"काटा बघतोय."

"बोंबलाचा काटा मऊ असतो. चावा नि गिळा. शोधत बसाल तर गार होईल."

मी गिळला. तीन खाल्ले. चौथा दाजींनी माझ्या ताटातून उचलला.

सायली जेवत नव्हती. डब्यांमधल्या नोंदी तिने आदल्या दिवशी काढायला घेतल्या होत्या, पण दोन डबे चालूच होत नव्हते, आणि जे होत होते त्यांनी सगळी दुपार गुंडाळून एकच गोंधळ लिहून ठेवला होता. तिला बोलतं करायला प्रशिक पांडुरंगभाऊंना म्हणाला, "भाऊ, तुमच्या होडीवर वायरलेस असतो ना? तिथे सगळे एकदम बोलले तर?"

"बोलतात की. वाऱ्याचं सांगतात, जाळ्याचं सांगतात, बायकोचं सांगतात. ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं. पण मासळी कुठे लागली ते कळलं ना, मग समदे गप्प. तेव्हा कुणाचा सेट चालत नाही." ते हसले. "काल मात्र मी काही गप्प बसलो नाय. पोरीचं काम आहे म्हटलं."

"म्हणजे?" सायली.

पांडुरंगभाऊ बायकोकडे बघायला लागले. पण दाजींना थांबणं माहीत नाही. ते म्हणाले, "अगं, मीपण कसर ठेवली नाही. लाल बटण आहे ना, ते मी दाबूनच ठेवलं होतं! बोट दुखायला लागलं, मग रबरबँड लावला. तुझ्या आत्याच्या मेथीच्या जुडीचा."

"आतोबा, ब्रेक लावला होता?"

"ब्रेक कसला! गाडी उभीच होती. पण म्हटलं, आपला निरोप पोचला पाहिजे."

सुजाताताई पदर सावरत म्हणाल्या, "मी नुसतं अधूनमधून. सिग्नल लागला की."

"आई!" प्रशिक ओरडला. "तुझे दोनच हरवले होते!"

"म्हणून तर. एक करायचा होता."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून भात कालवत होतो. सायली म्हणाली, "बाबा?"

"हो," मी म्हणालो.

तिने हसावं की रडावं, असा चेहरा केला आणि मग चिडली. फार चिडली. लहानपणीसुद्धा ती अशी चिडलेली मला आठवत नाही. "प्रत्येक डबा वीस गाड्यांइतकं बोलतो. तुम्ही चौघांनी तातडी दाबली म्हणजे ऐंशी गाड्या एकदम ओरडत होत्या, कुणासाठी न थांबता. ज्याला खरंच ब्रेक लागला होता त्याचं कुणी ऐकणार कसं? आम्ही सगळं केलंय. गर्दी वाढली की डब्याने कमी बोलायचं, हळू बोलायचं. उभ्या गाडीने तर जवळजवळ बोलायचंच नाही. रस्त्यावर जी जिथे आहे त्या क्रमाने पाळी ठरवलीय. दोन वर्षं तेच करतोय आम्ही. आणि तुम्ही रबरबँड लावता!"

घरातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. शेजारच्या ओट्यावरच्या बाईलाही. तिने "काय झालं गो?" म्हणून विचारलंच.

"हे बटण काढून टाक," सुजाताताई म्हणाल्या. "माणसाच्या बोटाखाली ठेवूच नको. माझी वायर घे. सोल हवी तेवढी. हप्त्यांचं मी बघते."

"माझी पण घे," पांडुरंगभाऊ. "कुठली ते तूच शोध."

"मूळचं वायरिंग आहे," दाजी म्हणाले. मग म्हणाले, "घे."

राहिलो मी. सायलीने वॉरंटीचा विषय काढला नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला मी सांगलीला यायला हवी आहे ना?"

"हो."

"मग बटण का दाबलंत?"

मी वाढणाऱ्या वहिनींकडे ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.

संध्याकाळी, कोळीवाड्याच्या बाहेर, रस्त्याकडेला, प्रशिकने माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याची वायर सोलली. मी दुसरीकडे बघत उभा होतो. सहा गाड्यांपैकी माझी शेवटची होती. साहेबांनीसुद्धा दुपारीच फोनवर हो म्हटलं होतं.

पुन्हा लालबाग

गुरुवारी पाहुणे आले. तिघं होते. साहेबांच्या गाडीत मागे बसले, सायली पुढे. मला काम काय दिलं होतं ते सांगतो. मी एका उभ्या बसच्या मागे, कोंडीत, उभं राहायचं. बस्स. पुढे जायचं नाही, मागे जायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही. माझ्या मागे दाजी, त्यांच्या मागे सुजाताताई, मग टेम्पो. आम्ही सगळे गर्दी होतो. तीनशे नव्वद किलोमीटर गाडी हाकून मी मुंबईच्या गर्दीत भर घालायला आलो होतो. तिथे भर घालायला माणसं कमी आहेत असं नाही.

डब्यावर एक हिरवा दिवा आहे. डबा बोलला की लुकलुकतो. रे रोडला तो सारखा थरथरत होता. इथे लुकलुकला, मग बराच वेळ काहीच नाही. मी फोन केला.

"सायली, माझा डबा बंद पडलाय."

"नाही बाबा. तो थांबलाय. फोन ठेवा."

मी थांबलो. बस दिसत होती, खांब दिसत होता, पलीकडे काय चाललंय ते काहीच नाही. स्टिअरिंगजवळ, जिथे बटण होतं, तिथे टेपचा चिकट चौकोन राहिला होता. बोट आपोआप तिकडे जात होतं. मसाल्याच्या गल्लीतून वास आला. मी शिंक दाबली. हॉर्न चालूच होते. आरशात दाजी दिसत होते. ते घाम पुसत होते आणि स्वतःशी काहीतरी बोलत होते.

मग आरशातले दाजी फोन लावताना दिसले. लागला नसावा, पुन्हा लावला. त्यांच्या मागे सुजाताताईंच्याही कानाला फोन होता. म्हणजे तिकडे काहीतरी झालं होतं, किंवा झालं नव्हतं, आणि ते सगळ्यांना एकदम विचारायचं होतं. माझंही बोट सायलीच्या नावावर होतं. मी फोन उपडा करून मांडीवर ठेवला.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. फोन वाजला.

"बाबा, वाजलं."

"किती वेळा?"

"तिन्ही वेळा. त्यांनी स्वतः परत करून बघितलं. तेव्हाही वाजलं." मग म्हणाली, "बाकी कुणालाच लागत नाहीये हो. आतोबा सांगलीला आईला लावत असतील, आई आत्याला, प्रशिकची आई प्रशिकला. सगळ्यांचे बिझी. तुमचा तेवढा लागला. तुम्ही नाही केलात कुणाला?"

"नाही," मी म्हणालो. "म्हटलं, तू करशील."

मी उतरलो आणि दाजींच्या काचेवर टकटक केलं. ते म्हणाले, "थांबा हो, फोन लावतोय!"

फणसवाडीत परतलो तेव्हा दाजींची जागा गेली होती. आक्काने तिथे खुर्ची ठेवून तिच्यावर पापडाचं पीठ मांडलं होतं, पण गॅसचा सिलिंडर आला म्हणून ती वर गेली, आणि कुणीतरी खुर्ची पिठासकट उचलून बाजूला ठेवून आपली गाडी लावली होती. दाजी वाडीला चकरा मारत राहिले. सायलीने पेढे आणले होते. ते आम्ही त्यांच्या काचेतून, प्रत्येक चकरेला एक, असे त्यांना दिले.

कराड, आणि पुढे

परत येताना कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. प्राचार्यांना फोन केला आणि सांगितलं, जागा अडवून ठेवू नका. ते म्हणाले, "अरेरे, मुलीचं काही बिनसलं का?" मी म्हणालो, "नाही, जमलं." त्यांना ते उलटं वाटलं असावं. मलाही अजून वाटतं.

गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं, काळा डबा तसाच राहिला होता. काढायला सायली आणि प्रशिक दोघंही विसरली. हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता, रे रोडला लुकलुकत होता त्याहून भराभर. आधी मला वाटलं, बिघडला. मग उमगलं, रस्ता मोकळा होता. गर्दी नव्हती, म्हणून कुणासाठी थांबायचं कारण नव्हतं. मी इथे आहे, एवढ्या वेगात आहे, ब्रेक लावलेला नाही, असं तो सेकंदाला दहादा सांगत होता, आणि त्या सगळ्या रस्त्यावर ते ऐकणारं दुसरं यंत्र एकही नव्हतं.

सायलीला फोन लावला. लगेच उचलला.

"हा डबा बंद कसा करायचा?"

"गाडीची बॅटरी त्याला अगदी थोडी लागते, बाबा. राहू द्या ना. मी दिवाळीला येईन तेव्हा काढेन."

मी राहू दिला.